उजव्या दिव्याची कल्हई

गाडीचा उजवा दिवा मिणमिणायला लागला, तेव्हा शहाण्या माणसाने डाव्या दिव्यावर समाधान मानलं असतं. पण हेडक्लार्क शहाणे नव्हते, निवृत्त होते. दोषाकडे काणाडोळा करण्याची सोय नोकरीत असलेल्या माणसाला असते. निवृत्त माणसाला दोष दिसला की तो पाहावाच लागतो.

पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून बाहेर पडून त्यांना बराच काळ लोटला होता, तरी इमारतीत सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. बायको 'अहो' म्हणे. आणि त्यांचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे दादा, त्यांना 'साहेब' म्हणत.

ही शेवटची गोष्ट ऐकायला वाटते तेवढी मानाची नव्हती. दादांनी उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवली होती. आता ते धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीत पलंगावर बसून असत आणि त्यांच्या डोक्यातल्या बसमधून एकेक ओळखीचा माणूस खाली उतरून जात होता. गंमत म्हणजे दूधवाला अजून बसलेला होता. हेडक्लार्कांची बायको बसलेली होती. तिने चहात साखर कमी घातली तर तेसुद्धा दादांना कळे. घरातल्यांपैकी उतरले होते ते फक्त हेडक्लार्क. ते खोलीत शिरले की दादा पाय खाली घेत, सदऱ्याचं वरचं बटण लावत आणि म्हणत, "या साहेब, बसा. आमचं काही चुकलं का?"

सगळी नोकरी संपेपर्यंत ज्या पदाने हुलकावणी दिली, ते असं घरच्या घरी, विनाअर्ज मिळालं. मिळालं त्या दिवशी हेडक्लार्क न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ नुसतेच उभे राहिले. पाण्याची नासाडी त्यांनी आयुष्यात तेवढी एकदाच केली.

फक्त गाडीत तसं होत नसे. रोज संध्याकाळी ते दादांना शेजारच्या सीटवर बसवून गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन येत. गाडी जुनी, दादांच्याच हाताखाली हेडक्लार्क तिच्यावर शिकलेले. इंजिन घरघरलं, पहिला गिअर पडला, की दादांच्या आत काहीतरी खटकन जागेवर बसे.

"बारक्या, क्लच आहे तो. झुरळ मारतोयस का?"

एवढं ऐकण्यासाठी हेडक्लार्क मुद्दाम क्लच चुकवत. पुलापर्यंत आणि परत, ते बारक्या असत. इमारतीच्या फाटकात गाडी बंद केली की दादा दार उघडून अदबीने म्हणत, "आभारी आहे साहेब." एकदा टॅक्सी करून पाहिली होती. दादा सगळा वेळ अंग चोरून बसले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "साहेब, माझी चौकशी कुठल्या ऑफिसात आहे?"

तर अशी ती गाडी. संध्याकाळ म्हटली की परतताना अंधार, आणि अंधार म्हटला की दिवा.

"बल्ब बदलू नका," जिन्यात भेटलेले प्रोफेसर म्हणाले. हे वरच्या मजल्यावर राहत. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. शिकवणं सुटलं होतं, पण विद्यार्थी सापडेल ही आशा सुटली नव्हती. "बल्ब बिचारा निर्दोष असतो. कनेक्टर बघा. दोन वायरी जिथे एकमेकींना भेटतात ती प्लास्टिकची डबी. आत धातूच्या पिना असतात, दातांसारख्या. तिथे घाण बसली की वीज अडते. काढा, घासा, लावा."

"कशाने घासू?"

"लिंबू, मीठ. नाहीतर बारीक पॉलिश पेपर. पितळच ते! घरातलं पितळ कशाने घासतात?"

हेडक्लार्कांनी घरातलं पितळ काय, चमचासुद्धा कधी घासला नव्हता. पण शास्त्राचा आधार मिळाल्यावर काम हलकं राहत नाही. दुसऱ्या दिवशी ते एक लिंबू, वाटीत मीठ, पॉलिश पेपर आणि बायकोचा टूथब्रश घेऊन खाली उतरले. टूथब्रश जुना आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं. या गृहीतकाचा परिणाम पुढे दोन वेळच्या चहावर झाला, पण तो वेगळा विषय आहे.

दिव्यामागची डबी खटकन उघडली. आत पिना होत्या. मळकट, राखाडी, तेज गेलेल्या. एकीच्या कडेला हिरवट डाग. हेडक्लार्कांना त्या पिनांची कीव आली. किती वर्षं या अशा अंधारात, कुणी विचारपूस न करता! त्यांनी घासायला सुरुवात केली. हळूहळू राखाडी रंग गेला आणि खालून पिवळंधमक पितळ असं काही चमकलं की हेडक्लार्कांना स्वतःच्या हाताविषयी आदर वाटला. डबी लावली, दिवा लावला. दिवा लख्ख!

इथे थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण हेडक्लार्कांनी नोकरीत एकही प्रकरण अर्धवट ठेवलं नव्हतं. त्यांनी बॉनेटखाली नजर फिरवली. जिथे बघावं तिथे डब्या. प्रत्येक डबीत तसल्याच मळकट पिना. एकदा स्वच्छता हाती घेतल्यावर उजव्या दिव्याला एक न्याय आणि हॉर्नला दुसरा, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी हॉर्न घासला, इंडिकेटर घासला, वायपर घासला, ब्रेकची वायर घासली. त्या दिवशी गाडीच्या पोटातलं झाडून सगळं पितळ नव्या नवरीसारखं झळाळत होतं आणि हेडक्लार्कांच्या दहाही बोटांना लिंबू झोंबत होतं.

संध्याकाळी पुलावर दादा म्हणाले, "बारक्या, आज गाडी खूष आहे."

"मी घासली दादा. सगळी."

"तू?" दादा हसले. "तू तर अंघोळीलासुद्धा मार खाऊन जायचास."

त्या वाक्यावर हेडक्लार्कांचा पुढचा आठवडा सुखात गेला. त्याच्या पुढचा गेला नाही.

आधी उजवं इंडिकेटर दिलं की डावं लागायला लागलं. हेडक्लार्क डावं देऊन उजवीकडे वळू लागले आणि वेळ निभावली. मग ब्रेक दाबला की वायपर फिरू लागले. कोरड्या काचेवर ते कण्हत. मग हॉर्न आपल्या मर्जीने वाजू लागला. एकदा तर अंत्ययात्रेच्या मागे असताना वाजला आणि थांबेचना. खांदेकऱ्यांतल्या एकाने मान वळवून इतक्या शांतपणे पाहिलं की हेडक्लार्कांना वाटलं, त्यापेक्षा तिरडीवरच्याची जागा बरी.

उजवा दिवा पूर्ण विझला. बॉनेट उघडून डबी काढली, तर चमचमणाऱ्या पितळावर हिरवी बुरशी चढावी तसा थर.

प्रोफेसरांनी ती पीन चिमटीत धरून उजेडात फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी वर्ग भरल्याचं समाधान पसरलं.

"हेडक्लार्क, आधी हिचा रंग कसा होता?"

"मळकट. राखाडी."

"मळ नव्हे हो! कथील. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असते ना, तशी ही पिनांची कल्हई. पितळ हवेने आणि ओलीने खराब होऊ नये म्हणून वरून कथलाचा पातळ थर देतात. तुम्ही मळ समजून कल्हई खरवडलीत. वर लिंबू आणि मीठ! डब्यांच्या फटींत शिरून आतल्या आत खाऊन टाकलं असणार सगळं." त्यांनी पीन परत दिली. "तरी मला शंका आलीच होती."

"कधी?"

"तुम्ही लिंबू घेऊन खाली चालला होतात तेव्हा. पण तुम्ही इतके घाईत होतात."

जगात दोन तऱ्हेचे तज्ज्ञ असतात: एक अपघात टाळणारे आणि एक अपघाताचं कारण सांगणारे. दुसऱ्यांची तब्येत नेहमी चांगली असते.

मग इलेक्ट्रिशियन आला. हा बारीक, वाकलेला, सदैव सुतकात असल्यासारखा माणूस. बॉनेटमध्ये डोकं घालून त्याने एक दीर्घ उसासा सोडला, तो दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

"हार्नेस बदला."

"म्हणजे?"

"सगळी वायरिंग. डब्यांसकट."

"मग बदल की."

"मिळत नाही. कंपनीने बनवणं बंद केलं."

"मग?"

"मग काय," इलेक्ट्रिशियन आभाळाकडे बघत म्हणाला, "आपलंसुद्धा असंच आहे काका. पार्ट कुठे मिळतात?"

एवढं तत्त्वज्ञान सांगून त्याने दोन वायरी उपटल्या, भलतीकडे जोडल्या आणि काळी पट्टी गुंडाळली. त्यानंतर ब्रेकवर वायपर फिरायचे थांबले. आता ब्रेक दाबला की हॉर्न वाजे.

या सगळ्या काळात पुलावरची फेरी बंद पडली. हेडक्लार्क संध्याकाळी मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसत. दादा बटण लावत. काहीतरी बोलायला हवं म्हणून हेडक्लार्क गाडीचा अहवाल देत. पितळ म्हणजे काय, कथील म्हणजे काय, तांब्यातून वीज कशी धावते आणि गंजापाशी कशी अडते. सांगता सांगता त्यांना वाटे, गाडीविषयी बोलतोय तर कदाचित इथेसुद्धा काहीतरी खटकन बसेल. दादा सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "बरोबर आहे साहेब. तुमच्या लेव्हलला बरोबरच असणार."

"सोनं!" प्रोफेसर जिन्यातूनच ओरडले. या वेळी ते स्वतः खाली आले होते. "सोनं गंजत नाही. कशानेही नाही. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये सोन्याचाच मुलामा असतो, ठाऊक आहे? जिथे जिवाशी गाठ असते तिथे सोनं वापरतात. तुम्ही पिनांना सोन्याचं पाणी द्या."

जिवाशी गाठ, हे शब्द हेडक्लार्कांच्या वर्मी बसले. ते पिना रुमालात बांधून सोनाराकडे गेले.

सोनाराने रुमाल उघडला, भिंग डोळ्याला लावलं, पिना एकेक करून उलट्यासुलट्या केल्या. "नवीन फॅशन दिसते. कुणासाठी?"

"उजव्या दिव्यासाठी."

सोनाराने भिंग काढलं. "सूनबाई का?"

"हेडलाइट. गाडीचा."

शेजारी बांगड्या बघत बसलेल्या एका बाईंनी आपली पर्स जवळ ओढली. सोनार मात्र खानदानी माणूस. त्याने एवढंच विचारलं, "पॉलिश चकचकीत हवं की मॅट?" आणि पिना तयार झाल्यावर त्याच्या रिवाजाप्रमाणे मखमली डबीत, कापसाच्या गादीवर मांडून दिल्या.

ती डबी हातात घेऊन हेडक्लार्क घरात शिरले. बायकोने आधी डबी पाहिली, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग ओला हात पदराला पुसला. टूथब्रशापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"अहो, हे काय आणि?" आवाज एकदम मऊ. "कशाला उगीच? या वयात?"

हेडक्लार्कांना खुलासा सुचेपर्यंत डबी उघडली गेली होती. बायको त्या पिवळ्या पिनांकडे बघत राहिली. मग तिने एक उचलून कानाच्या पाळीपाशी नेली आणि नवऱ्याचा चेहरा बघून खाली ठेवली.

"गाडीच्या आहेत," हेडक्लार्क म्हणाले.

"कळलं." तिने डबी हलकेच मिटली. "तिला शोभतील."

त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तीही दादांसाठी संध्याकाळी खिडकीत उभी राहून गाडीची वाट बघणारी होती. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "चालणार असेल गाडी, तर लावा लवकर. सकाळी ते मला विचारत होते, हे साहेब आपल्याकडे किती दिवस राहणार म्हणून."

सोन्याच्या पिना बसल्या. उजवा दिवा लागला, डावा लागला, हॉर्न गप्प झाला. हेडक्लार्कांनी ताबडतोब गाडी तपासणी कार्यालयात नेली, कारण तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती आणि प्रमाणपत्राशिवाय जुनी गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा होता. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला गुन्हासुद्धा नीट जमत नाही.

"दिवा लावा," निरीक्षक म्हणाला. हेडक्लार्कांनी लावला. हॉर्न वाजला.

"हॉर्न वाजवा." वायपर फिरले.

"वायपर लावा." उजवा दिवा लागला, अगदी प्रसन्न, लख्ख.

निरीक्षकाने बराच वेळ विचार केला. "काका, तुमचं सगळंच चालतं. फक्त दुसऱ्याच्या नावावर चालतं."

"म्हणजे पास?"

"पास नाही करता येत."

"मग नापास?"

"नापास करायला दोष लागतो. दिवा लागत नाही, हा दोष आहे. वायपर लावल्यावर दिवा लागतो, असा दोष आमच्याकडे नाही. वर विचारावं लागेल. तोपर्यंत तुमची गाडी विचाराधीन."

"विचाराधीन असताना चालवता येते?"

"नाही."

"किती दिवस?"

निरीक्षकाने त्यांच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं. "तुम्ही सरकारी नोकरीत होतात ना काका? मग मला कशाला विचारता?"

परतताना इमारतीच्या फाटकात गाडीने एकच आचका दिला, सगळे दिवे एकदम लावले आणि सगळे एकदम विझवले. वॉचमनने आणि प्रोफेसरांनी ढकलून ती अंगणात भिंतीपासून थोड्या अंतरावर आणली. म्हणजे वॉचमनने ढकलली आणि प्रोफेसरांनी कारण सांगितलं.

"पिनांना सोनं दिलंत. समोरच्या सॉकेटला? पीन ज्यात शिरते त्या खोबणीला?"

"सॉकेटला कथीलच आहे. आधीचं."

"अरेरेरे! सोनं एका बाजूला आणि कथील दुसऱ्या बाजूला? चालतच नाही. दोन्हीकडे एकच धातू हवा. बड्या घरची सोयरीक गरिबाला झेपत नाही, तसं आहे हे. गाडी थरथरली की दोघं एकमेकांना घासतात. सोन्याला काही होत नाही, कथील झिजत जातं आणि त्याचीच राख मध्ये साठते."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सॉकेटचं विचारलंतच कुठे?" प्रोफेसर खरोखरच दुखावले होते.

हेडक्लार्कांनी जिन्याची वाट धरली. वर जाऊन ते मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. दादांनी बटण लावलं.

"दादा, गाडी गेली," ते म्हणाले. "आता नाही चालायची."

"वाईट झालं साहेब. जवळची होती का?"

त्यानंतरचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत. दादा कमी बोलू लागले. हेडक्लार्क रोज खुर्ची ओढून बसत, सोयरीक का मोडली ते सांगत. एका संध्याकाळी मात्र दादा स्वतःच उठले, चपला शोधू लागले. "ड्यूटी आहे," म्हणाले. बायको म्हणाली, "अहो, न्या त्यांना खाली. बसू दे नुसतं गाडीत. मोकळी हवा तरी लागेल."

खाली आल्यावर दादा शेजारच्या सीटकडे गेले नाहीत. सरळ ड्रायव्हरच्या जागी बसले, आरसा नीट केला, किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. हेडक्लार्क बाजूला बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. घरघर नाही, गिअर नाही, काहीच जागेवर बसत नव्हतं. शेवटी दादांनी त्यांच्याकडे वळून अत्यंत संकोचाने म्हटलं,

"साहेब, गाडी बसली. माफ करा, पण पॅसेंजरांना उतरून धक्का मारावा लागेल."

"मी?"

"बाकी कुणी दिसत नाही."

हेडक्लार्क उतरले. मागे गेले, दोन्ही हात डिकीला लावले, मान खाली घातली आणि रेटा दिला. गाडी हलेना. दादांनी हँडब्रेक सोडला आणि गाडी कुरकुरत हाताएवढी सरकली, मग आणखी थोडी. हेडक्लार्कांच्या छातीचा भाता झाला. घाम डोळ्यांत उतरला. त्यांनी मान वर केली, तर आरशात दादांचे डोळे त्यांच्याकडेच बघत होते.

"बारक्या? तू कधी आलास?"

हेडक्लार्कांचे हात डिकीवरच राहिले. "आत्ताच आलो दादा."

"आणि साहेब कुठे गेले?"

"उतरले. गेले चालत."

"बरं झालं," दादा म्हणाले. "भला माणूस, पण फार बोलायचा रे. रोज संध्याकाळी समोर बसायचा. पितळ काय, कथील काय. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं."

"मग जा म्हणायचं होतं त्यांना."

"कसं म्हणणार? तोंड इतकं उतरलेलं असायचं त्याचं. घरात कुणी नसावं बिचाऱ्याला." दादांनी स्टिअरिंग सरळ केलं. "ढकल, ढकल! थांबलास का? खायला काळ आणि भुईला भार!"

हेडक्लार्कांनी खांदा लावला. वरच्या खिडकीतून प्रोफेसर ओरडून काही सांगत होते. बहुधा कारण सांगत असावेत. गाडी सरकत सरकत भिंतीपाशी गेली आणि भिंत हातभर उरली तशी थांबली.

"शाब्बास," दादा म्हणाले. "आता मागे घे. पुढून ढकल."

हेडक्लार्क वळसा घालून पुढे निघाले आणि मागच्या दारापाशीच थबकले. पुढून ढकलायचं म्हणजे काचेतून दादांना समोरासमोर साहेबांचं तोंड दिसणार. ते मागे फिरले, डिकीपाशी उकिडवे बसले, मागच्या बंपरखाली दोन्ही हात घातले आणि आरशात दिसेल इतपत डोकं वर ठेवून, ती अख्खी गाडी ओढायला लागले.